हक्काची खोली आणि चहाची रांग

व्याख्यान कितीही कंटाळवाणे असले तरी आभारप्रदर्शन होईपर्यंत जागचे उठू नये, आणि आभारप्रदर्शन झाल्यावर एक क्षणही रेंगाळू नये, असे दोन नियम पुण्यातल्या आमच्या घरी होते. उन्हाळ्यात व्याख्यानमाला सुरू झाली की वडील मला बरोबर नेत. आम्ही वेळेआधी पोहोचून पुढची जागा धरत असू, वक्त्याचा शब्दन् शब्द ऐकत असू आणि घरी परतताना तो कुठे चुकला याची सविस्तर चर्चा करत असू. ती चर्चा वक्त्याशीच करावी, असे कधी कोणाच्या मनातही आले नाही. शेजारच्या खुर्चीवरील गृहस्थांना नाव विचारणे हा तर निव्वळ आगाऊपणा. ही शिस्त मी विलायतेला घेऊन गेलो आणि तिने तिथल्या तंत्रज्ञान-परिषदांतली माझी पहिली काही वर्षे पद्धतशीरपणे वाया घालवली.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे नोकरीतल्या आठवणी मागितल्या आहेत. कोणत्या साली कोणत्या पदावर होतो, हे सांगून वाचकांचा दिवाळीचा वेळ घेण्याचा मला अधिकार नाही. परिषदांविषयी मात्र मला बोलायचे आहे. आपल्याकडची कितीतरी मुले-मुली हल्ली कंपनीच्या वतीने अशा परिषदांना जातात, पिशवीभर फुकटची पेने घेऊन परततात आणि 'छान झाली' एवढेच सांगतात. त्यांना माझ्या चुकांचा उपयोग व्हावा.

मी मूळचा वकील. पुण्याच्या न्यायालयात काही वर्षे वकिली केल्यावर पत्नीला लंडनच्या एका रुग्णालयात नोकरी मिळाली आणि आम्ही लंडनच्याच हॅरो भागात घर केले. माझी सनद तिथे चालणारी नव्हती. तेव्हा रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या एका लहानशा कंपनीत मी करारनामे वाचण्याचे काम धरले. सॉफ्टवेअर विकत मिळते, असा सर्वसामान्य समज आहे. तो चुकीचा आहे. विकत मिळते ती केवळ ते वापरण्याची परवानगी, आणि त्या परवानगीच्या अटी न वाचताच सारे जग 'मान्य' हे बटण दाबते. सारे जग जे वाचत नाही ते वाचणे, हा माझा व्यवसाय होता. माझे आडनाव वैशंपायन. त्याचा उच्चार करण्याचे प्रयत्न सहकाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात सोडून दिले आणि निवृत्तीपर्यंत मी 'मिस्टर व्ही' राहिलो.

बर्मिंगहॅमला दर वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस रुग्णालयांच्या संगणकव्यवस्थेवर दोन-तीन दिवसांची एक परिषद भरे. प्रतिस्पर्धी कंपन्या ग्राहकांना कोणकोणती आश्वासने देतात, हे ऐकून येण्यासाठी मला तिथे पाठवत. मी रोज सकाळच्या गाडीने जाई, पहिल्या रांगेत बसे, प्रत्येक सत्राची टिपणे काढे, दुपारी पत्नीने दिलेला पोळीभाजीचा डबा जिन्याखालच्या बाकावर खाई आणि शेवटच्या सत्राचे आभार मानले जाताच स्टेशन गाठी. जिन्याखाली मी एकटा नसे. पुण्याची, मुंबईची, हैदराबादची बरीच मुले तिथे आपापले डबे उघडून बसलेली असत. आम्ही एकमेकांना लोणचे देत असू. परिषदेतली तेवढीच आमची देवाणघेवाण.

हॅरोला परतल्यावर मी आयोजकांना पत्र लिहीत असे. पत्रे लिहिणे हा माझा छंद नव्हे. ते नागरिकाचे कर्तव्य आहे, असे मी आजही मानतो. वक्ते प्रश्नोत्तरांची वेळ गिळतात. अमुक सत्र 'अनुभवकथन' म्हणून जाहीर केले होते आणि प्रत्यक्षात ती विक्रेत्याची जाहिरात निघाली. आणि दर वर्षी न चुकता शेवटचे कलम: एवढ्या सभासदांना चहाचे एकच पिंप ठेवले जाते, त्याची तोटी अर्धवट उघडते, आणि शुल्क भरून आलेल्या माणसाची चहाची सुट्टी रांगेतच संपते, तरी दुसऱ्या पिंपाची व्यवस्था करावी. उत्तर यायचे, 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभार.' तो अभिप्राय नव्हता. ती नोटीस होती.

माझ्या या साऱ्या पद्धतीतले वैगुण्य मला एझ्रा पेणकर यांनी दाखवले. ते आमच्या कंपनीच्या संगणककक्षाचे प्रमुख होते, वयाने माझ्याहून बरेच मोठे. मुंबईच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंबातून तरुणपणीच लंडनला आलेले. घरात सगळी इंग्रजी बोलणारी, त्यामुळे मराठीत भांडायला माणूस मिळाला याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता, आणि ते भांडणाची एकही संधी दवडत नसत.

"वैशंपायना, तू बर्मिंगहॅमला काय करतोस रे?" त्यांनी एकदा विचारले. मी टिपणांची वही पुढे केली. त्यांनी ती चाळली, मिटली आणि परत दिली.

"यातलं निम्मं त्यांनी छापून वाटलेलंच आहे. भेटलास कोणाला?"

"भेटायला नव्हतो गेलो. ऐकायला गेलो होतो."

"मग घरी बसून वाचायचंस. गाडीचं तिकीट काढून वाचायला जातोस होय? सांग, कंटाळवाणं भाषण असलं तर उठून जातोस?"

"वक्त्याचा अपमान होतो."

"त्या वक्त्याचं तिकडे लक्षही नसतं. आणि पहिल्या रांगेत बसून उठणार तरी कसा तू? कडेची खुर्ची धरावी, दाराजवळची. अन् चहाच्या रांगेत कोणाशी बोलतोस?"

"रांगेत काय बोलायचं अनोळखी माणसाशी? उगाच पुढेपुढे करायचं!"

पेणकरांनी कपाळाला हात लावला. "अरे, इंग्रज माणूस बसमध्ये बोलत नाही, लिफ्टमध्ये बोलत नाही. बायकोशी बोलतो की नाही देव जाणे. पण रांगेत बोलतो! का, तर रांगेत तक्रार करता येते. हवा, गाडी, चहा, कशाची पण. तक्रार केली की ओळख झाली. आणि तू? साऱ्या विलायतेत तुझ्याएवढी तक्रार कोणाला येत नाही, आणि ती तू घरी जाऊन टपालाने पाठवतोस!"

मला राग आला, आणि मी तो राखून ठेवला. मात्र पुढच्या परिषदेला मी कडेची खुर्ची धरली, दोन भाषणे अर्ध्यावर सोडली आणि दोन्ही वेळा दारापर्यंत जाताना वडिलांची नजर पाठीवर जाणवली. टिपणे काढण्याऐवजी मी प्रत्येक सत्राला एकच प्रश्न तयार करून नेऊ लागलो. एका कंपनीचा वक्ता, उंची सूट घातलेला, आपली यंत्रणा कधीही बंद पडत नाही असे व्यासपीठावरून सांगत होता. मी उभा राहिलो आणि विचारले, "हे आपण करारात लिहून द्याल का?" वक्ता म्हणाला, "तो तपशील आपण नंतर बोलू." तो नंतर मला दिसला नाही. हाच प्रश्न मी पुढे अनेक वर्षे अनेक वक्त्यांना विचारला, आणि परिषदेला जाणाऱ्या प्रत्येकाला मी तो विनामूल्य वापरण्याची परवानगी देतो.

एवढी सुधारणा झाली तरी रांगेत बोलणे मला जमले नाही. मी रांगेत उभा राहून पुढच्या पत्राचा मजकूर मनात जुळवत असे.

या पार्श्वभूमीवर मृणालची हकिगत सांगतो.

मृणाल देशकर नागपूरची. आमच्या कंपनीत वर्क परमिटवर आलेली प्रोग्रॅमर. रुग्णाला कोणते औषध केव्हा दिले, याची नोंद परिचारिका ज्या प्रणालीत करत, त्या प्रणालीवर तिचे काम होते. पहिल्याच शरद ऋतूत तिला एक गोष्ट विलक्षण वाटली, जी त्या देशात जन्मलेल्या कोणालाही कधी विलक्षण वाटली नव्हती. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोन वाजले की तिकडे घड्याळे एक तास मागे घेतात. म्हणजे एक ते दोन हा तास त्या दिवशी दोनदा येतो. परिचारिकेने दर तासाला द्यायचे औषध दीड वाजता दिले आणि नोंदवले. तासाभराने घड्याळात पुन्हा दीड वाजले आणि तिने पुढचा डोस दिला, तोही नोंदवला. संगणकाला दिसले काय? तोच रुग्ण, तेच औषध, तीच वेळ. त्याने दुसरी नोंद चुकून दोनदा झालेली समजून टाकून दिली. आता नोंद नाही म्हणजे डोस दिलेला नाही, असे समजून पाळी बदलून आलेली परिचारिका तोच डोस पुन्हा देऊ शकते.

"आपल्याकडे एक तास दोनदा येतच नाही ना काका," मृणाल मला म्हणाली होती. "म्हणून मला दिसलं. यांना सवय होऊन राहिली."

तिने उपाय शोधला होता. यंत्रणेच्या आत कधीही मागे-पुढे न होणारे एक घड्याळ ठेवायचे, आणि पडद्यावर तेवढी भिंतीवरची वेळ दाखवायची. ऐकायला सोपे आहे. अवघड होते ते चालू असलेल्या जुन्या यंत्रणांमध्ये, त्या बंद न करता, हे घड्याळ बसवणे. तेच तिने जमवत आणले होते. आमच्या वरिष्ठांनी ते पाहिले आणि म्हणाले, "वर्षातून एक तास! त्यासाठी एवढा खटाटोप?" थोड्याच दिवसांत ते संपूर्ण उत्पादनच बंद करण्याचा निर्णय झाला आणि मृणालची जागा रद्द झाली.

वाचकांना हे सांगणे भाग आहे की वर्क परमिट तेव्हा माणसाच्या नव्हे, तर नोकरीच्या नावाने असे. ती नोकरी संपली की दुसरा मालक शोधायचा, त्याने गृहखात्याकडे नव्याने अर्ज करायचा. नाहीतर सामान बांधायचे. मृणालच्या हातात फक्त नोटिशीचा काळ होता.

"परत जायची लाज नाही वाटत मला," ती म्हणाली. "आईबाबा तर वाटच पाहून राहिले. पण हे काम अर्धं टाकून जायचं, आणि दर ऑक्टोबरला नागपुरात बसून विचार करायचा की आज तिकडे कोणाचा डोस चुकला असेल... ते नाही जमणार काका."

बर्मिंगहॅमच्या परिषदेत शेवटच्या दिवशी, दुपारच्या चहानंतर, 'खुले व्यासपीठ' नावाचे एक सत्र असे. सभासदांपैकी कोणीही आधी नाव कळवून थोडा वेळ बोलावे. श्रोत्यांत देशभरच्या रुग्णालयांचे संगणकप्रमुख असत. मृणालला हवा असलेला मालक या देशात कुठे असेल, तर त्या सभागृहात. नाव दे असे मी म्हटले तर ती चार दिवस टाळत राहिली.

"स्वतःहून काय सांगायचं, काका, की मी हे केलं? पुढेपुढे केल्यासारखं नाही का वाटत?"

मला माझेच वाक्य ऐकू आले. पेणकर शेजारीच उभे होते. "ऐकलंस? साथ आहे ही. पुण्याहून नागपूरपर्यंत पसरलेली," ते म्हणाले.

शेवटी तिने नाव दिले. आयोजकांचे स्वीकृतीचे पत्र आले. कंपनीचे गुपित उघड होणार नाही, केवळ बनावट रुग्णांची उदाहरणे दाखवली जातील, या अटीवर लेखी परवानगी मी आमच्या वरिष्ठांकडून मिळवली. ज्या वस्तूला त्यांनी किंमत दिली नव्हती, तिच्यावर सही करायला त्यांना वेळ लागला नाही. त्या वर्षी पेणकरही बरोबर आले.

आणि शेवटच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सभागृहाच्या दारावर एक कागद चिकटवलेला दिसला. अपरिहार्य कारणास्तव खुले व्यासपीठ रद्द. त्या वेळेत आमच्या सन्माननीय प्रायोजकांचे प्रात्यक्षिक होईल.

मृणालने तो कागद वाचला आणि लॅपटॉपची पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली. "जाऊ द्या काका," ती म्हणाली. "नशिबात नव्हतं."

माझ्या आयुष्यात मी ज्या शब्दांचा सर्वाधिक तिरस्कार केला, ते हे दोन शब्द: जाऊ द्या. आपल्या लोकांचे जेवढे नुकसान शत्रूंनी केले नसेल तेवढे या दोन शब्दांनी केले आहे. मी परिषदेचे अध्यक्ष मिस्टर हॅलम यांना गाठले. उंच, मऊ बोलणारे गृहस्थ, हातात बिस्किट.

"मिस्टर व्ही," ते म्हणाले, "तुमची वाटच पाहत होतो. तुमची पत्रे आमच्याकडे एका स्वतंत्र फाइलमध्ये असतात."

"वाचलेली की न वाचलेली?"

"कार्यक्रमपत्रिकेच्या शेवटच्या ओळीत लिहिले आहे, की आयोजकांना बदलाचा अधिकार राहील. तुम्ही ती ओळ वाचली असणारच."

"वाचली आहे, आणि ती मला मान्यही आहे. पण या मुलीकडे तुमचे स्वतंत्र स्वीकृतिपत्र आहे. त्या शब्दावर विसंबून तिने तयारी केली, प्रवास केला, मालकाची परवानगी काढली. आपल्या शब्दावर दुसऱ्याला विसंबू द्यायचे आणि मग तो फिरवायचा, हे तुमच्या देशाचा कायदा मान्य करत नाही. आमच्या देशाने ते तुमच्याकडूनच शिकले आहे."

हॅलम यांनी बिस्किट बशीत ठेवले. मला वाटते, कायद्यापेक्षा माझ्या पुढच्या पत्राचा विचार त्यांच्या मनात आला असावा. "वेळ मी परत देऊ शकत नाही, ती विकली गेली आहे. खोली देऊ शकतो. वरच्या मजल्यावर, चहाच्या सुट्टीत. अर्धा तास."

"लेखी द्या."

त्यांनी दिले. मी ते पत्र हातात धरून जिना उतरलो, तेव्हा मला जो आनंद झाला होता तो पुण्यात दावा जिंकल्यावर व्हायचा तसा होता. मृणालही हसली. पेणकरांनी मात्र ते पत्र न वाचताच मला परत दिले.

चहाच्या सुट्टीत आम्ही वर गेलो. खोली उत्तम होती. खुर्च्या रांगेत मांडलेल्या, भिंतीवर पांढरा पडदा, मेजावर पाण्याचा पेला. मृणालने यंत्र जोडले. पडद्यावर दीड वाजले, पुन्हा दीड वाजले. पाच मिनिटे झाली. कोणी आले नाही. खालून कपबशांचा आणि शेकडो माणसांचा एकत्र आवाज येत होता. एकदा दार उघडले, एका गृहस्थांनी आत डोकावून कोट ठेवायची खोली हीच का, असे विचारले आणि क्षमा मागून दार लावून घेतले.

"येतील," मी म्हणालो.

"कोण येईल?" पेणकर म्हणाले. "अरे, नवरदेव बोहल्यावर आणि सगळी वरात खाली चहाच्या रांगेत! मृणाल, उचल तो लॅपटॉपचा डबा. खाली चल."

"खाली कुठे? खाली तर जागा नाही," मी म्हणालो. "आणि खोली सोडली तर हक्क सोडल्यासारखा होईल. उद्या हेच लोक म्हणतील, की दिली होती, वापरली नाही."

"मग तू बस हक्क धरून. आम्ही चहाला जातो."

मृणाल दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. "काका, जाऊ?"

मी होकारार्थी मान हलवली. ती गेली. मी बसून राहिलो.

त्या रिकाम्या खोलीत बसलेला तो वेळ माझ्या नोकरीतला सर्वांत विचार करायला लावणारा वेळ होता. समोर पांढरा पडदा होता आणि खिशात अध्यक्षांच्या सहीचे पत्र. मी जिंकलेल्या अशा किती खोल्या आठवल्या! वाद मी फारसे हरलो नाही. पण जिंकल्यावर आत कोण बसले, याची चौकशी मी कधी केली नव्हती. कायदा माणसाला दार उघडून देतो. माणसे आणून बसवणे कायद्याच्या कक्षेत येत नाही. हे वाक्य मला तेव्हा सुचले आणि ते कोणाला पत्रातून कळवावे हे मात्र सुचेना.

खाली काय घडले, ते मला नंतर दोघांनी सांगितले. तपशिलांत दोघांचे जुळत नाही, पण मुख्य घटनेवर एकमत आहे.

रांग नेहमीसारखी दारापासून खिडकीपर्यंत गेली होती. खिडकीच्या रुंद कट्ट्यावर पेणकरांनी मृणालचा लॅपटॉप उघडून ठेवला आणि ते दोघे रांगेला लागले. पुढे करड्या केसांच्या एक बाई उभ्या होत्या.

"भयंकर रांग," पेणकर म्हणाले.

"दर वर्षी," बाई म्हणाल्या. "एकच पिंप! कोणीतरी तक्रार करायला हवी."

"एक गृहस्थ करतात. दर वर्षी, लेखी."

"देव त्यांचे भले करो."

एवढी प्रस्तावना झाल्यावर पेणकरांनी सहज विचारले, "या रविवारी घड्याळे मागे जातील. तुमच्या वॉर्डांत काय करता?"

बाईंनी सुस्कारा सोडला. "नका विचारू. तो एक तास यंत्रणा बंद ठेवतो आणि कागदावर लिहितो. मग सकाळी दोन परिचारिका बसून ते सगळे पुन्हा आत भरतात."

पेणकरांनी मृणालच्या पाठीला हलकेच बोट लावले. ती म्हणते, त्या क्षणी तिला आपण स्वतःविषयी काही सांगतो आहोत असे वाटलेच नाही. समोरच्या बाईची अडचण होती आणि तिला उत्तर ठाऊक होते. नागपुरात शेजारणीला एखादी गोष्ट सांगावी तशी ती बोलली.

"बंद नका करू. बंद करायची गरज नाही," ती म्हणाली. "हे बघा."

मी खाली आलो, तेव्हा माझ्या हक्काचा अर्धा तास कायदेशीररीत्या संपला होता. प्रथम मला वाटले, रांग मोडली आहे. मग दिसले, की ती वाकडी झाली आहे. खिडकीपाशी लोकांचा घोळका होता आणि त्यात मृणालचा आवाज, न अडखळणारा. पडद्यावर दीड वाजत होते, पुन्हा वाजत होते, आणि दोन्ही नोंदी जागच्या जागी राहत होत्या. "पुन्हा दाखवा," कोणीतरी म्हणाले. "वसंत ऋतूत तास गायब होतो, तेव्हा?" दुसऱ्याने विचारले. तिने तेही दाखवले. मागच्या एका माणसाने पुढच्याला सांगितले, की पिंपापाशी तुमचा नंबर आला आहे. पुढचा म्हणाला, "तुम्ही जा. मला हे पाहू द्या."

इंग्रज माणूस रांगेतली आपली जागा आपखुशीने सोडतो, हे मी त्या देशातल्या वास्तव्यात तेव्हा पहिल्यांदा पाहिले. मला निकाल कळला.

त्या करड्या केसांच्या बाई म्हणजे मिसेस बार्लो, तिथल्याच एका मोठ्या रुग्णालयाच्या संगणकविभागाच्या प्रमुख. त्यांनी मृणालला विचारले, "तुम्ही कोणासाठी काम करता?" आणि इथे आपल्या मुलीने, जाऊ द्या न म्हणता, सरळ सांगितले, "लवकरच कोणासाठीच नाही."

"तर मग सोमवारी येऊन आमची यंत्रणा बघा," मिसेस बार्लो म्हणाल्या.

मृणालने माझ्याकडे वळून पाहिले. "काका! तुम्ही होते कुठे?"

"खोलीत," मी म्हणालो.

"एकटे?"

"कब्जा सांभाळत होता," पेणकर म्हणाले. "ये, चहा घे. गार झालाय. लिहायला एक कलम मिळेल."

परमिटच्या अर्जाचा शब्दन् शब्द मी तपासला. तिथे माझा राग आणि माझी विद्या दोन्ही कामी आली. रुग्णालयाच्या कारकुनाने दोनदा कंटाळून 'एवढे कशाला' म्हटले आणि दोनदा मी त्याला कशाला ते सांगितले. नोटिशीचा काळ संपत आला, मृणालने एक बॅग भरून ठेवली, आणि मग एका सकाळी तिचा फोन आला. "काका, आलं!" एवढेच म्हणून ती रडू लागली. मी तिला परमिटवरची नावे, तारखा आणि पदनाम मोठ्याने वाचून दाखवायला सांगितले. सगळे बरोबर होते.

त्यापुढच्या ऑक्टोबरमध्ये त्या रुग्णालयाने तो एक तास यंत्रणा बंद ठेवली नाही.

पेणकर आता नाहीत. मराठीत भांडायला ते गेल्यापासून मला कोणी मिळालेले नाही, आणि पत्रांतून तेवढे भांडता येत नाही. परिषदेला जाणारे तरुण मला कधी सल्ला विचारतात, तेव्हा मी पेणकरांचेच सांगतो. पत्रिका घरी वाचून जा. कडेची खुर्ची धरा. एक प्रश्न बरोबर न्या. डबा जिन्याखाली नेऊ नका. न्यायचाच असेल तर दोन माणसांपुरता न्या आणि दुसरा माणूस अनोळखी असू द्या. आणि आपले काम ज्याच्या उपयोगाचे आहे त्याला ते सांगणे म्हणजे पुढेपुढे करणे नव्हे. न सांगणे हा त्याच्यावर अन्याय आहे. आम्हांला लहानपणी याच्या नेमके उलट शिकवले गेले, आणि शिकवणारी माणसे फार सज्जन होती, म्हणून ते विसरायला इतका वेळ लागला.

मृणालच्या त्या प्रसंगानंतर दुसऱ्या वर्षी मी परिषदेला गेलो, तेव्हा प्रवेशद्वारापाशीच हॅलम भेटले. त्यांचा चेहरा उजळलेला होता. "मिस्टर व्ही, या वर्षी तुम्हाला तक्रारीला जागा नाही," ते म्हणाले आणि मला हाताला धरून आत घेऊन गेले. चहाच्या मेजावर दोन पिंपे होती. नवी, चकचकीत, पूर्ण उघडणाऱ्या तोट्यांची. रांग नव्हती. माणसे येत होती, कप भरून घेत होती आणि भिंतीशी जाऊन एकेकटी उभी राहत होती. प्रत्येकाच्या एका हातात गरम चहा, दुसऱ्या हातात मोबाइल. खिडकीचा कट्टा रिकामा होता. तिथे एक नागपुरी की पुणेरी मुलगा कार्यक्रमपत्रिका वाचत उभा होता. माझ्याकडे पाहून तो सभ्यपणे थोडा बाजूला सरकला आणि पुन्हा वाचू लागला.

त्या दिवशी हॅरोला परतल्यावर मी मेजाशी बसलो आणि माझ्या आयुष्यातले सर्वांत छोटे पत्र लिहिले.

'महोदय, चहाच्या व्यवस्थेविषयी मी आपणांस आजवर पाठवलेल्या सर्व मागण्या या पत्रान्वये बिनशर्त मागे घेत आहे. दुसरे पिंप कृपया काढून टाकावे. पहिल्याची जुनी तोटी मिळाल्यास तीच पुन्हा बसवावी. आपला विश्वासू.'